‘मॅडम, तुम्ही शिकवत का नाही?’ : सायन्सच्या वर्गातली नाराजी आणि तिचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण सरांनी यंदा ॲक्टिव्ह लर्निंग सुरू केलं. व्याख्यान कमी केलं, मधेमधे प्रश्न, शेजाऱ्याशी चर्चा, चौघाचौघांत गणितं. दीड महिना झाला नाही तोच सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, आणि चार मुलं प्राचार्यांच्या केबिनमध्ये. ‘सर शिकवत नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात. पोर्शन मागे पडलाय, नोट्स मिळत नाहीत.’ सरांनी विचारलंय की मुलांना हे नकोच असेल तर मी अट्टाहास का करू? आणि करायचाच ठरवला तर त्यांचं मन वळवायचं कसं?

सर, मी सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतेय. त्यातली जवळपास सतरा वर्षं अशाच पद्धतीनं. तुमच्या वर्गातून गेली तशी तक्रार माझ्याही वर्गातून गेली आहे, दोनदा. म्हणून आधी स्पष्ट सांगते, ही तक्रार खोटी नाही. मुलं आळशी आहेत, त्यांना आयतं हवंय, बारावीपर्यंत क्लासवाल्यांनी घास भरवले म्हणून आता चावता येत नाही, असं स्टाफरूममध्ये रोज बोललं जातं. मला ते पटत नाही. मुलं जे सांगतात ते त्यांना खरोखर तसंच वाटत असतं. आपण कमी शिकतोय असं त्यांना मनापासून वाटतं. फक्त ते वाटणं आणि प्रत्यक्ष शिकणं यांत अंतर पडलेलं असतं, आणि ते अंतर त्यांना आतून दिसत नाही.

या अंतराचा सर्वांत नेमका पुरावा २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातून आला. लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला अनुभवी शिक्षकानं ओघवतं, मुद्देसूद व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच मजकूर, तीच गणितं, तेच छापील कागद. पण गणितं आधी मुलांनी गटात सोडवायची, धडपडायची आणि मग शिक्षकानं उकल दाखवायची. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. तासाच्या शेवटी दोन गोष्टी घेतल्या. एक छोटी चाचणी, आणि ‘मी पुष्कळ शिकलो’, ‘शिक्षक प्रभावी होते’, ‘सगळे तास असेच असावेत’ अशा विधानांवर मुलांचं मत. चाचणीत धडपडणारा गट पुढे होता. मतांमध्ये मात्र तोच गट मागे. ज्यांनी जास्त शिकलं त्यांनाच आपण कमी शिकलो असं वाटत होतं.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझ्या वर्गाबद्दल दहा वर्षं न सुटलेलं कोडं सुटलं. आईला पुरणपोळी लाटताना बघत बसलं की ती किती सोपी वाटते! पुरण कडेपर्यंत कसं सरकतं, पोळी फाटत का नाही, सगळं कळल्यासारखं वाटतं. पोळपाट आपल्यापुढे आला की दुसऱ्याच लाटण्याला पुरण बाहेर येतं. बघताना वाटणारी समज ही आईच्या हाताची असते, आपली नव्हे. चांगलं व्याख्यान तसंच असतं. शिक्षकाच्या ओघात मुलगा वाहत जातो आणि शिक्षकाची सहजता त्याला स्वतःची वाटते. गटात बसून अडखळला की ती सहजता जाते. उरतो तो गोंधळ. नवख्या मुलाला गोंधळ म्हणजे ‘मला येत नाही’ आणि ‘मला येत नाही’ म्हणजे ‘सरांनी शिकवलं नाही’. तर्क चुकीचा आहे, पण समजण्यासारखा आहे.

आता माझ्या वर्गातला एक तास जवळून सांगते, कारण नाराजी कुठे उगवते आणि कुठे वळते ते तिथे दिसतं. विषय आर्किमिडीजचं तत्त्व. हे मुलांनी शाळेतच केलेलं असतं, व्याख्या तोंडपाठ असते. दोन लिटरचं रुंद बीकर, त्यात पाणी, पाण्यावर तरंगणारी स्टीलची वाटी, वाटीत लोखंडी नटबोल्ट, साधारण शंभर ग्रॅम. पाण्याची पातळी बाहेरून स्केचपेननं आखलेली. प्रश्न एवढाच की नटबोल्ट वाटीतून काढून पाण्यात टाकले, रिकामी वाटी तशीच तरंगत राहिली, तर पातळी वाढेल, तेवढीच राहील की उतरेल?

आधी कुणाशी न बोलता दीड मिनिट विचार. मग वहीच्या मागच्या पानावर मोठ्ठं अ, ब किंवा क लिहून वही छातीशी धरायची. माझ्याकडे क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर कळवायची यंत्रं, कधीच नव्हती, वहीवर भागतं. निम्म्याहून जास्त वह्यांवर ‘तेवढीच राहील’. उरलेल्यांत बरेचसे ‘वाढेल’. ‘उतरेल’ म्हणणारे इथे दोन, तिथे तीन. मग म्हणायचं, ‘ज्याचं उत्तर वेगळं आहे असा एक जण शोधा आणि त्याला पटवा.’ आणि वर्गात मराठी सुरू होते. ‘अगं, वस्तू तीच, पाणी तेच, पातळी कशी बदलेल?’ ‘बुडाल्यावर जागा घेणार ना पण!’ ‘मग वाटीत होते तेव्हा घेत नव्हते का?’ हा शेवटचा प्रश्न माझ्या मते त्या तासाचा मधला खांब. तो मी कधी विचारत नाही. तो मुलांमधून येईपर्यंत मी बाकांमधून फिरत राहते, आणि बहुतेक वर्षी तो येतो.

पुन्हा वह्या वर. चित्र बदललेलं असतं, पण एकमत नसतं. मग एका मुलीला बोलावून चिमट्यानं एकेक बोल्ट पाण्यात सोडायला लावते. सगळे उभे राहून बघतात. पातळी उतरते. अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त, पण आखलेल्या रेषेखाली स्पष्ट दिसेल इतकी. वर्गात जो आवाज होतो तो मला अजून दर वर्षी नवा वाटतो.

इथेच पूर्वी मी चूक करायची. निकाल दिसला, मुलं खूश, घंटा झाली, तास संपला. दुसऱ्या दिवशी तीच मुलं म्हणायची, ‘मॅडम, काल मजा आली, पण शिकवलं काही नाही.’ ती बरोबर होती. आता मी शेवटची दहा-बारा मिनिटं कुणालाही देत नाही. फळ्यावर मी स्वतः, नीट, डावीकडून उजवीकडे लिहिते. तरंगताना वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी सारते, म्हणून शंभर ग्रॅम लोखंडानं वाटीत असताना शंभर मिलिलिटर पाणी सारलं होतं. बुडाल्यावर ती फक्त आपल्या आकारमानाइतकं पाणी सारते. लोखंड पाण्याच्या जवळपास ७.८ पट घन, म्हणजे शंभर ग्रॅम लोखंड साधारण तेरा मिलिलिटर. शंभराचे तेरा झाले, म्हणून पातळी उतरली. मुलं हे उतरवून घेतात आणि त्यांच्या वहीत ‘नोट्स’ असतात. हीच दहा मिनिटं मी तासाच्या सुरुवातीला दिली असती तर ती कुणाच्या कानात राहिली नसती. गोंधळानंतर दिली की ती राहतात. पण ती द्यावी लागतात. बऱ्याच उत्साही शिक्षकांचं इथेच बिनसतं. प्रश्न विचारून झाला, चर्चा झाली, आता उत्तर मुलांनीच शोधावं, असं ते समजतात. प्रथम वर्षाच्या मुलाला तसं अधांतरी सोडणं बरोबर नाही.

म्हणून, सर, तुमच्या मुलांचं ऐकताना ‘शिकवत नाहीत’ या शब्दांआत नेमकं काय आहे ते वेगळं काढा. माझ्या अनुभवात त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि चारींचं औषध एक नाही.

पहिली परीक्षा. तुम्ही वर्गात विचार करायला लावता आणि विद्यापीठाच्या पेपरात ‘ला शातेलिएचं तत्त्व लिहून स्पष्ट करा, सहा गुण’ असं येतं. मुलगा हिशेबी आहे. सहा गुण आयएमपी प्रश्न पाठ करून मिळतात, मग डोकं कशाला तापवायचं? या हिशेबाला भाषण देऊन उत्तर मिळत नाही. तुमच्या हातात जी परीक्षा आहे ती बदला. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याकडे असतात. वर्गात चर्चेला घेतलेल्या प्रश्नाचा सख्खा भाऊ तिथे घाला, तोच प्रश्न नव्हे. लोखंडी बोल्टाऐवजी बर्फ, बर्फात अडकलेला खडा. रसायनात उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं हा प्रश्न वर्गात झाला असेल (पहिल्या फेरीत ‘हवा’ आणि ‘हायड्रोजन-ऑक्सिजन’ म्हणणारे तुम्हाला भरपूर भेटतील), तर परीक्षेत पाण्याची वाफ होणं आणि पाण्याचं विद्युत-अपघटन यांत रेणूंचं काय होतं ते चित्र काढून दाखवायला सांगा. ज्या दिवशी मुलांच्या लक्षात येतं की वर्गातली वादावादी गुणांत उतरते, त्या दिवसापासून मागच्या बाकांवरचे आवाज बदलतात. माझ्याकडे हे दर वर्षी पहिल्या इंटर्नलनंतर होतं, त्याआधी नाही. तेवढा काळ कळ काढावी लागते.

दुसरी पोर्शनची भीती. यावर थोडंच बोलते. पोर्शन खरंच मागे पडतो, मुलांना ते दिसतं. सगळं वर्गात घ्यायचा हट्ट सोडा. व्याख्या, वर्गीकरणं, गुणधर्मांचे तक्ते ही मुलं वाचू शकतात, ते आठवड्याच्या सुरुवातीला दोन पानांच्या छापील टिपणात द्या. ज्या जागी दर वर्षी सगळे पडतात तेवढ्या जागा वर्गात घ्या. आणि कितवा घटक कधी संपणार याचं वेळापत्रक नोटीसबोर्डावर लावून पाळा. वेळापत्रक दिसलं की ही तक्रार निम्मी होते.

तिसरी गोष्ट मोठी आहे आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो. चारचौघांत हसं होण्याची भीती. अठरा वर्षांच्या मुलाला वर्गात चुकीचं उत्तर देणं किती महाग पडतं हे आपण पन्नाशीत विसरून जातो. हॉस्टेलवर रात्री त्याच उत्तरावरून चेष्टा होते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या केटलिन कूपर, व्हर्जिनिया डाउनिंग आणि सारा ब्राउनेल यांनी २०१८ साली मोठ्या सायन्सच्या वर्गांतल्या मुलांशी बोलून हेच तपासलं होतं. नाव घेऊन अचानक उभं करणं याचा मुलांवर परिणाम एकच, ताण वाढणं. गटातली चर्चा आणि क्लिकरचे प्रश्न मात्र कसे राबवले त्यावर अवलंबून. काहींचा ताण त्यांनी वाढला, काहींचा कमीही झाला.

मी तेव्हापासून नाव घेऊन उभं करणं पूर्ण बंद केलं. ‘तुझं उत्तर सांग’ असं न विचारता ‘तुमच्या बाकावर काय काय बोलणं झालं?’ असं विचारते. उत्तर बाकाचं होतं, एका पोराचं राहत नाही. चुकीचं उत्तर आलं की ‘असं वाटणारे आणखी किती?’ विचारते, वीस हात वर होतात आणि ते पोर सुटतं. विचारल्यावर मी थांबते. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरांची लांबी आणि दर्जा वाढतो. तीन सेकंद मनात मोजून बघा. वर्गापुढे उभं राहून ते फार लांब वाटतात. मी दहापर्यंत मोजते.

मुलींचा प्रश्न यातच येतो. आमच्याकडे मुली डाव्या रांगेत, मुलं उजव्या रांगेत, ही सोय कुणी ठरवलेली नाही पण मोडतही नाही. पहिल्या आठवड्यात मुलामुलींचे मिश्र गट करायचा मी एकदा हट्ट धरला. मुली गप्प बसल्या, दोघींच्या घरून फोन आले. तेव्हापासून पहिले दोन महिने ज्याला जिथे बसायचं तिथे बसू देते, नंतर प्रॅक्टिकलच्या बॅचेसमध्ये हळूहळू गट मिसळते. प्रयोग करताना हातात काम असतं, त्यामुळे बोलणं अवघड जात नाही.

चौथी गोष्ट इंग्रजी. माझ्या मते आपल्याकडच्या नाराजीचं हे सर्वांत खोल मूळ आहे, आणि परदेशी निबंधांत ते सापडणार नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला अचानक ‘आम्ल’चं ‘ॲसिड’ आणि ‘त्वरण’चं ‘ॲक्सिलरेशन’. बीएस्सीला पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. अशा मुलाला व्याख्यान सुरक्षित वाटतं, कारण त्यात त्याला तोंड उघडावं लागत नाही. चर्चा म्हटली की त्याला वाटतं, आता इंग्रजीत बोलावं लागणार. ते तो कधीच सांगणार नाही. तो सांगेल, ‘सर शिकवत नाहीत.’

माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी नियम जाहीर असतो. भांडायचं मराठीत, हिंदीत, घरी जे बोलता त्यात. लिहायचं इंग्रजीत, आणि ते लिहायला मी मदत करणार. चर्चा संपल्यावर त्याच निष्कर्षाचं एक इंग्रजी वाक्य प्रत्येक बाकानं बनवायचं, तीन बाकांची वाक्यं मी फळ्यावर घेऊन सगळ्यांदेखत दुरुस्त करते. क्रियापद, ‘बिकॉज’ कुठे, ‘देअरफोर’ कुठे. पाच मिनिटं जातात. पण हीच पाच मिनिटं मुलांना सर्वांत जास्त आवडतात असं त्यांच्या चिठ्ठ्यांतून दर वर्षी दिसतं, कारण पेपरात उत्तर कसं लिहायचं हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. हे इंग्रजी विभागाचं काम आहे असं मला एका सहकाऱ्यानं सुनावलं होतं. मला ते माझंच काम वाटतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मुलांना नको असेल तर करायचं कशाला? कारण नापास होणाऱ्यांमध्ये फरक पडतो. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या कॉलेज पातळीवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के नापास, ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गांत २१.८ टक्के. शंभराच्या वर्गात बारा मुलं. आपल्याकडे एटीकेटी लागलेली ती बारा मुलं कोण असतात ते तुम्हाला माहीत आहे. घरातलं पहिलं कॉलेजात आलेलं पोर, शेतातून एसटीनं येणारी मुलगी. २०२० साली एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचा ताळा केला. अमेरिकेतल्या वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांचं परीक्षेतलं मागेपण अशा वर्गांत सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातलं ४५ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्यातही मेख आहे. वर्गाचा बराच वेळ खरोखर मुलांच्या कामात जात होता तिथेच हे अंतर कमी झालं, अधूनमधून एखादा प्रश्न टाकणाऱ्या वर्गांत नाही. हुशार मुलगा व्याख्यानावरही तरतो. मी हे करते ते न तरणाऱ्यांसाठी.

व्याख्यान चांगलं असलं म्हणून हा फरक भरून निघत नाही, याचा एक दाखला व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला आहे. तिथे २०११ साली नोबेल विजेते कार्ल वीमन यांच्या गटानं अडीचशेहून मोठ्या दोन वर्गांची तुलना केली. विद्युतचुंबकीय लहरींचा एक आठवडा एका वर्गाला नावाजलेल्या अनुभवी प्राध्यापकांनी व्याख्यानानं शिकवला, दुसऱ्याला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या पण या पद्धतीत तयार केलेल्या तरुण संशोधकांनी. चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४. उपस्थितीही दुसऱ्याच वर्गात वाढली. तुम्ही तरुण आहात, अनुभव कमी आहे, म्हणून व्याख्यानाकडे परतावंसं वाटत असेल तर हा निकाल जवळ ठेवा.

पण इतकंच बोलून थांबले तर चित्र अर्धं राहील. २०११ सालीच टेसा अँड्रूज यांच्या गटानं अमेरिकेतल्या यादृच्छिक निवडलेल्या जीवशास्त्राच्या वर्गांत बघितलं, तर शिक्षक ॲक्टिव्ह लर्निंग किती वापरतो आणि मुलं नैसर्गिक निवडीबद्दल किती शिकतात यांत संबंधच दिसला नाही. म्हणजे गट पाडले, चर्चा लावली म्हणून आपोआप शिकणं होत नाही. प्रश्न कसा आहे, मुलांच्या नेमक्या चुकीच्या समजावर बोट ठेवतो का, शिक्षकाला ती चूक आधी ठाऊक आहे का, यावर सगळं आहे. मी इतर कॉलेजांत तास बघायला जाते तेव्हा पुष्कळदा काय दिसतं? ‘चर्चा करा’ म्हणून शिक्षक खुर्चीत बसून हजेरीपट भरतात. प्रश्न व्याख्येचा. चौघांतली एक मुलगी सगळं लिहिते, तिघं मोबाइल बघतात. किंवा सेमिनारच्या नावाखाली घटक मुलांना वाटून दिलेले, आणि मुलं स्लाइडवरून वाचून दाखवतायत. अशा वर्गातली मुलं ‘सर शिकवत नाहीत’ म्हणाली तर मी मुलांच्या बाजूची. तुमच्या वर्गात यातलं काही होत असेल तर आधी ते थांबवा. मन वळवणं नंतर.

मन वळवण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं काढून हे कशासाठी करतोय ते मुलांना सरळ सांगा. हार्वर्डच्या त्याच गटानं नंतर सत्राच्या सुरुवातीला असं करून पाहिलं. वाटणं आणि शिकणं यांतला फरक मुलांना आधीच समजावून सांगितला. सत्राअखेर ६५ टक्के मुलांनी सांगितलं की या पद्धतीबद्दलचं आपलं मत सुधारलं, आणि ७५ टक्क्यांनी सांगितलं की सुरुवातीच्या त्या समजावण्याचा उपयोग झाला. तुम्ही दीड महिना उशीर केलात, पण ते अजून होऊ शकतं. मी स्वतः नुसतं सांगत नाही. पहिल्या तासाला एक विषय वीस मिनिटं उत्तम व्याख्यानानं शिकवते, अगदी जीव ओतून. मग विचारते, किती समजलं, दहापैकी लिहा. मुलं आठ, नऊ लिहितात. मग त्यावरचा एकच प्रश्न, पाठांतरानं न सुटणारा. वह्या वर. उत्तरं बघून वर्ग गप्प होतो. तेव्हा कुणालाही कमी लेखायचं नाही. मी सांगते की हे तुमचं नाही, माझंही एमएस्सीला असंच झालं होतं, माणसाचं मन असंच चालतं, म्हणून आपण वर्ष वेगळ्या रीतीनं काढणार आहोत. कागदावरचा स्वतःचा ‘नऊ’ आणि त्याखालचं स्वतःचं चुकलेलं उत्तर, यापुढे माझं कुठलंही भाषण फिकं पडतं.

चौथ्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या घ्या. कशानं शिकायला मदत होते, कशानं अडतं, एवढे दोनच प्रश्न. पुढच्या तासाला त्या चिठ्ठ्यांबद्दल वर्गात बोला आणि त्यांतली एक मागणी त्याच दिवशी मान्य करा. माझ्या मुलांनी एकदा लिहिलं होतं की चर्चेची वेळ किती उरली ते कळत नाही. मी फळ्याच्या कोपऱ्यात वेळ लिहायला लागले. क्षुल्लक गोष्ट, पण मॅडम ऐकतात हे वर्गाला कळलं.

राहता राहिले प्राचार्य. वर्षाखेरचे फीडबॅक फॉर्म नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत जातात, तुमच्या बढतीच्या वेळी कुणी ते उघडेल, ही तुमची काळजी खोटी नाही. ते फॉर्म बहुतांशी ‘वाटणं’च मोजतात. हार्वर्डच्या निबंधातही हा इशारा आहे की अशा मूल्यांकनावर विसंबलं तर कमी शिकवणारी पद्धत जास्त गुण मिळवू शकते. म्हणून तुमच्याकडे ‘शिकणं’ मोजणारं काहीतरी हवं. जूनमध्ये, काही शिकवण्याआधी, पंधरा प्रश्नांची एक चाचणी, सत्राअखेर तीच पुन्हा, दोन्हींचे कागद जपून. आमच्या विषयात १९९२ पासून बलाच्या संकल्पनांची अशी तयार चाचणी आहे. हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांना तिच्याच आधीच्या रूपानं हलवलं. मुलांकडून त्यांना उत्तम अभिप्राय मिळत असत, आणि ही साधी चाचणी देताना एका मुलीनं त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी. व्याख्यान सोडून शेजाऱ्याशी चर्चेची पद्धत त्यांनी बसवली ती त्यानंतर. रसायनातही अशा चाचण्या आहेत. नाही मिळाली तर विभागातल्या दोघांना घेऊन स्वतः बनवा.

आणि प्राचार्यांना स्पष्टीकरणाचं पत्र लिहीत बसू नका. या आठवड्यातला तुमचा सर्वांत चांगला प्रश्न निवडा, शेवटची दहा मिनिटं फळ्यासाठी राखून ठेवा, आणि त्या तासाला त्यांना बोलवा. पुढच्या खुर्चीवर नको, मागून तिसऱ्या बाकावर, मुलांच्या मधोमध. त्यांच्याही हातात वही द्या आणि पहिल्या फेरीत त्यांनाही उत्तर लिहायला लावा.